कोऱ्या बोर्डावरची कानबाई

त्या वर्षी अख्ख्या जळगावात शेडिंग बोर्ड असलेला मी एकटाच होतो, आणि माझ्याकडे बोर्ड एकच होता.

अमेरिकेतल्या मामेभावानं तो पाठवला होता. दिसायला कोरा, जाड पुठ्ठा, पण त्याच्या पोटात बारीक रेषा लपलेल्या! सोबत दोन बाटल्या. एकीतलं औषध ब्रशनं लावलं की तिरप्या रेषा उमटणार, दुसरीतलं लावलं की जाळी. चित्रकथेतल्या सावल्या बसल्या जागी तयार! एका दिवाळी अंकानं माझ्यासाठी एक पान राखून ठेवलं होतं. आबांनी (म्हणजे वडिलांनी) अट घातली होती, "पान छापून आलं तर मुंबईला चित्रकला शिकायला जा. नाहीतर चोपड्याला काकांच्या केळीच्या वखारीत बसायचं."

पानावर एकच मोठं चित्र होतं. खाली शाईनं आधीच काढून झालेला तलवार उपसलेला नायक (चेहरा माझा, दंड उसने) आणि वर अंधारातून उगवणारी राक्षसीण. तिचा चेहरा नुसत्या औषधानं उमटवायचा बेत होता. नमुना म्हणून मी मनातल्या मनात आमच्या फुईला निवडलं. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, मुक्काम सोनगीर. तिनं डोळे वटारले की म्हैस पान्हा चोरायची!

आणि हे काम मी काढलं ते नेमकं श्रावणात, आम्हा खानदेशी लोकांची देवी कानबाई घरी बसते त्या रविवारी. भाऊबंद जमलेले, चौरंगावर नारळाची कानबाई बसलेली, बायका गाणी म्हणतायत. मी कोपऱ्यात बाटली उघडली आणि कुजक्या अंड्याचा भपकारा सुटला.

"देवीच्या दिवशी अंडं कोणी फोडलं?" आई स्वयंपाकघरातून कडाडली.

"औषध आहे गं!"

"औषध? तुला काय झालंय?"

तेवढ्यात फुई मागे येऊन उभी राहिली. मला फुशारकी मारायची हुक्की आली. "फुई, गंमत बघ," म्हणत मी बोर्डाच्या वरच्या कोऱ्या भागावर ब्रश फिरवला. औषध पाण्यासारखं, पण त्यातून हळूहळू डोळे आले. मग नाक आलं. मग दोन सुळे!

"अय माय वं! कानबाई उनी!" फुई तिच्या अहिराणीत किंचाळली. (उनी म्हणजे आली.) "कोरा कागदमा देवी उनी! देखा बठ्ठा जण!"

गाणी थांबली. अख्खं घर माझ्या अंगावर कोसळलं.

"फुई, अगं ही..."

"आनि देख, नाक बी मन्हासारखंच शे!" फुईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आता बोला! राक्षसीण म्हणावं तर पान वाचतं, पण मी वाचत नाही. (फुईसमोर खुद्द आबा मान खाली घालून बसत.)

"आणि खालचा हा तलवारवाला कोण?" आईनं विचारलं.

"भक्त," मी म्हणालो.

बोर्डाला हळदकुंकू लागलं, हार पडला. सोमवारी तो वाजतगाजत विसर्जनाला निघाला, तोही माझ्याच डोक्यावर! तळ्याकाठी मी शेवटचा प्रयत्न केला. "फुई, नारळ सोडू. हिला राहू दे ना."

"देवीले आर्धी ठेवतस का रे?" म्हणत तिनं बोर्ड पाण्यात सोडला. पण पुठ्ठा परदेशी, बुडेचना! राक्षसीण सुळे दाखवत पुन्हा पुन्हा काठाला लागू लागली. आनंदाच्या भरात मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो आणि तिला उचलून आणलं.

"तिले जावानं नई शे!" फुई गहिवरली. "तिले मन्हा घर येनं शे!"

माझ्या हातातून बोर्ड काढून घेऊन ती संध्याकाळच्या एसटीनं सोनगीरला गेली. मी चोपड्याला गेलो. (वखारीत दिवस मजेत गेले. माझ्या पोटावरून कळतंच.)

माझं चित्र आता फुईच्या देवघरात आहे. काचेची फ्रेम, रोज उदबत्ती, वर जास्वंदीचं फूल. एवढा मान भल्याभल्या चित्रकारांना मिळत नाही! परवा सोनगीरला गेलो तेव्हा शेजारची एक बाई भक्तिभावानं विचारत होती, "इतली झकास देवी कोनी काढी वं?"

मी छाती पुढे काढली.

"कोनी नई," फुई म्हणाली. "आपोआप उनी. हाऊ पोऱ्या नुसता पानी लावत बठेल व्हता!"