दातातला स्क्रूड्रायव्हर

माझे वडील चन्नवीर आप्पा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ऑइल इंजिनाचे फिटर होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. जयसिंगपूरपासून माणसं यायची आणि साहेबाला न विचारता थेट आप्पांना गाठायची. चौतीस वर्षं असं ऐकल्यावर कानांनी जे करायचं ते केलं. निवृत्त होईपर्यंत आप्पा ठार बहिरे झाले. कानाचं यंत्र आणून दिलं, तर त्यांनी ते उघडून बघितलं, आतलं काम चांगलं आहे असं सांगितलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मग त्यांना कुणी काही विचारेना. बहिऱ्याला इंजिन कोण दाखवणार? रोज सकाळी ते हत्यारांची पेटी पुसायचे, प्रत्येक पाना जागच्या जागी ठेवायचे आणि दिवसभर सोप्यात, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीत, बसून रस्ता बघायचे. कुणीतरी काहीतरी बिघडलेलं घेऊन येईल याची वाट बघत होते, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मीही काही शहाणी नव्हते. ओरडून बोलायचा मला कंटाळा, म्हणून वाया गेलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चार शब्द लिहून त्यांच्या हातात द्यायची. चारपेक्षा जास्त क्वचितच.

पत्रिका घरात असायच्या, कारण तो माझा धंदा होता. दोन हजार दोनच्या दसऱ्याला मी कॉम्प्युटर घेतला आणि छापखान्यांना लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून द्यायला लागले. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, पहिल्या दिवशी त्याची पूजा केली. इथवर ठीक. पण मशीन कमावतंय म्हटल्यावर ती रोजच सकाळी स्वतःची लिंगपूजा आटोपली की मशीनलाही तीन बोटं विभूती ओढायला लागली. कॉम्प्युटरच्या पेटीच्या अंगाला हवेसाठी जाळी होती. तीच तिला कपाळ वाटली असावी.

पुढच्या वैशाखात, ऐन लग्नसराईत, पेटीतून गिरणीसारखी घरघर सुरू झाली. शेजारच्या तानाबाई विचारायला आल्या, की दळण किती पायलीचं आहे. आठवडाभरानं घरघर आपोआप थांबली. अव्वा म्हणाली, "बघ, विभूतीचा गुण." मलाही बरं वाटलं. त्या दिवसापासून मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागलं.

कॉम्प्युटरच्या दुकानातून सम्राट आला. पोरगा गुणी, पण त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, फॉरमॅट. दहाव्या मिनिटाला, फॉरमॅट सुरू व्हायच्या आतच, मशीन बंद पडलं. "ताई, मदरबोर्ड गेलाय. दुकानात न्यायला लागतंय. आठ दिवस धरा," तो म्हणाला. मला सोमवारी गडमुडशिंगीच्या आकाराम अण्णांची पत्रिका द्यायची होती, बेचाळीस निमंत्रकांची, आणि तो दिवस शनिवार होता.

तेवढ्यात आप्पा उठून आले. पेटीवर तळहात ठेवला, जरा थांबले आणि म्हणाले, "आत कायतर फिरायचं थांबलंय. फिरत हुतं तवा हाताला कळायचं."

सम्राट हसला. मीही वैतागलेलीच होते. कागद ओढला, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हात लावू नका', आणि पुढं धरला. आप्पांनी तो वाचला, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सोप्यात जाऊन बसले.

रविवारी दुपारपर्यंत मी दहा-दहा मिनिटांच्या हप्त्यांनी सतरा निमंत्रक बसवले. अठराव्याला मशीन गेलं आणि मी टेबलावर मूठ आपटली. अव्वा स्वयंपाकघरातून आली. "चौतीस वर्सं इंजिनं उघडली त्येनी. तुज्या डब्याला हात लावला तर काय झिजतंय व्हय?"

मी सोप्यात गेले आणि हत्यारांची पेटी उचलून आणली. लिहावं काही लागलं नाही.

आप्पांनी मशीनचं झाकण काढलं. आत प्रोसेसरच्या डोक्यावर हाताच्या पंज्याएवढासुद्धा नसलेला एक पंखा होता. त्यांनी बोटानं पातं ढकललं. ते अर्धा फेरा जाऊन अडलं. पात्यांवर आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या खाचांत पांढुरकी राख गच्च बसली होती. आप्पांनी चिमटीत घेऊन बघितली, मग जाळीवरच्या तीन पट्ट्यांकडे बघितलं आणि मग अव्वाकडे.

"धुरानं इंजिन जाम झाल्यालं लई बघितलंय," ते म्हणाले. "भक्तीनं पयल्यांदाच बघाय लागलोय."

"देवाचं हाय ते. त्यानं कसं बिघडंल?" अव्वा म्हणाली. ऐकू आलं नाही म्हणायची सोय तिला नव्हती, आप्पांना होती.

त्यांनी पंख्याचे चार स्क्रू काढले, दाढीच्या ब्रशानं खाचा झाडल्या, पंख्याच्या पोटावरचं कागदी लेबल सोललं आणि आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. सगळं परत बसवून झाकण लावलं. मी बटण दाबलं.

"आवाज येतोय?" आप्पांनी विचारलं.

आम्ही दोघींनी माना हलवल्या. नाही.

"न्हाय येत म्हंजे गुमान फिरतंय, का थांबलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. चांगले चार कान घरात होते आणि एकालाही सांगता येईना. आप्पांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला टेकवलं, एरवी कानाला लावायची ती मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले.

"फिरतंय. पर अजून जरा कोरडं हाय." पुन्हा उघडलं, पुन्हा एक थेंब. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढं धरला. "आता तू बघ."

मी मूठ ओढणीला पुसली. त्यांनी ते पाहिलं. मग मी ती दातांत धरली, आणि कवटीच्या आत एक सलग, बारीक घुमणं सुरू झालं, कुठंही न अडखळणारं. बाहेर शांत होतं. इतके महिने मी ज्या माणसाला बहिरा समजून चार शब्दांत गुंडाळत होते, त्याला हे सगळं येत होतं, आणि मला साधं विचारायचंही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

सोमवारी आकाराम अण्णा पत्रिका घेऊन गेले. एका चुलत्याचं नाव दुसऱ्याच्या खाली का, म्हणून दारात अर्धा तास भांडले. त्यात मशीनचा काही दोष नव्हता.

पुढच्या आठवड्यात सम्राट दुकानातले सात पंखे पिशवीत घालून आला. सोप्यात उभा राहून ओरडला, "आप्पा, ह्ये जरा दातानं बघतासा का?" आप्पांना ऐकू आलं नाही. मग त्यानं पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. आप्पांनी एक पंखा काढला, पातं बोटानं फिरवलं आणि मला खुणेनं तेलाची बाटली मागितली. त्यानंतर सोप्यात रस्ता बघायला त्यांना वेळ मिळाला नाही.

अव्वा आता विभूती स्क्रूड्रायव्हरला लावते. आप्पा तो पुसून दातांत धरतात.

तरी सवय वाईट. एकदा सकाळी तिची तीन बोटं पुन्हा जाळीकडे गेली. आप्पांनी तिचा हात धरला, खिशातून एक घडीचा कागद काढला, उलगडला आणि खळ लावून पेटीवर चिकटवला. 'हात लावू नका.' अक्षर माझंच होतं. कागद अव्वासाठी आहे, पण मशीन सुरू करायला खाली वाकते मी. रोज तो मलाच वाचावा लागतो.