शशीची टाच

शशीचे वडील बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलानं निदान दातांचा तरी डॉक्टर व्हावं, एवढी त्यांची माफक अपेक्षा. शशीनं इंजिनिअरिंगची नोकरी धरली आणि चाळिशीनंतर तीही सोडून थेम्सवरच्या एका जुन्या वाफेच्या बोटीचं चाक हाती घेतलं. वडील शेवटपर्यंत लोकांना सांगत, "मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये आहे."

बायको, सुलक्षणा, त्याच्याहून वेडी. तिनं बॉयलर आणि इंजिन शिकून घेतलं. वर तो चाकाशी, खाली ती कोळशाशी. मध्ये त्याच्या पायाखालची लोखंडी जाळी आणि दोरीची घंटा. एक टोला पुढे, दोन टोले थांब. घरी तो तिचं ऐकायचा, बोटीवर ती त्याचं. संसार बरा चालला होता.

दरवर्षी खंडेनवमीला ती दोघं चाकाची नि फावड्याची पूजा करून बोटीला सुट्टी देत. यंदा नवमी रविवारी आली आणि बुकिंग फुल्ल. पूजा उरकून निघायचं ठरलं. झेंडूची माळ घातलेल्या चाकाशी बूट घालून कसं उभं राहायचं? शशीनं बूट काढले. अनवाणी पायांना जाळी टोचू लागली, तसा तो बाजूच्या फळीवर सरकला.

धक्का जवळ आल्यावर त्यानं दोन टोले दिले. बोट थांबेना. पुन्हा दिले. बोट धक्क्यावर अशी आदळली की प्रवाशांचा चहा सांडला. नशिबानं कुणाला लागलं नाही. शशी धावत खाली गेला, तर सुलक्षणा जाळीकडे बघत उभी.

"अहो, तुमची टाच दिसली नाही," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. वाफेच्या आवाजात तिला घंटा ऐकू येईनाशी होऊन बरेच दिवस झाले होते. पण दोरी ओढताना शशी प्रत्येक टोल्याला उजवी टाच उचलतो, हे तिनं हेरलं होतं. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"सांगितलं असतं तर मला घरी बसवलं असतं. तुम्ही वर आणि खाली दुसरंच कुणीतरी."

शशी रागावला. बोटीत माणसं होती, रागवायलाच हवं होतं. पण आपल्या टाचेकडे इतकं लक्ष आईनंही दिलं नसेल, हेही त्याच्या मनात आलं. दोघांनी जाऊन बोटीच्या मालकिणीला खरं ते सांगितलं. सुलक्षणाचं खालचं काम त्याच दिवशी सुटलं.

वर उघड्यावर मात्र कानातलं मशीन लावून तिला सगळं स्वच्छ ऐकू यायचं. हिवाळाभर शशीनं तिला नदी शिकवली. बोट चालवायच्या परवान्याची परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. स्वतःला किती फटके लागले होते, हे शशी कुणाला सांगत नाही.

वसंतातली पहिली फेरी निघाली. चाकाशी सुलक्षणा, खाली फावडं घेऊन शशी. त्याला घंटा खणखणीत ऐकू येते. तरी धक्का जवळ आला तसं त्यानं जाळीतून वर पाहिलं.

सुलक्षणानं टाच दोनदा सावकाश उचलली, आणि मग दोरी ओढली.