डबा बांधावरच राहील

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला. मी नाशिकच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. लोकांची हाडं बघण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण स्वतः नुसतं चालायचं म्हटलं की मला भयंकर कंटाळा. त्याच सुमारास मोबाइलवर जिओकॅशिंगचा खेळ सापडला. कोणीतरी एक लहानसा डबा कुठेतरी लपवतं आणि ती जागा नकाशावर टाकतं. आपण जाऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि मोबाइलवर 'सापडला' अशी नोंद करायची. बक्षीस नाही, काही नाही. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे लहान मुलांची लपाछपी." मी म्हटलं, हो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

या खेळाचे नियम मला पहिल्यापासून आवडले. डबा जमिनीत पुरायचा नाही. आत खाण्याचं काही ठेवायचं नाही. जागा कुणाच्या मालकीची असेल तर आधी त्यांना विचारायचं. आणि कागदावर सही केली नसेल, तर डबा सापडला असं म्हणायचं नाही. एवढं साधं.

नाशिकमध्ये हा खेळ खेळणारे फार नाहीत. त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि ग्रुपमध्ये एक सर होते. निवृत्त इंजिनिअर, उंच, टापटीप, आवाज भारदस्त. देशभर फिरून त्यांनी डबे शोधले होते. नवीन माणसाला ते प्रेमाने शिकवत. मलाही त्यांनीच नकाशा वाचायला शिकवलं, ते मी नाकारणार नाही. पण त्यांचं म्हणणं म्हणजे शेवटचं म्हणणं, असं ग्रुपमध्ये ठरूनच गेलं होतं.

शोधून शोधून मग मलाही वाटलं, आपणही एक डबा लपवावा. जागा मिळाली ती दवाखान्यातूनच. निफाडकडच्या एक बाई मनगट मोडून आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, द्राक्षबागायतदार. हात प्लेटवर ठेवताना कळ आली तरी हूं की चूं केलं नाही. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, त्या मला ताई. प्लास्टर काढायला आल्या तेव्हा बोलता बोलता त्यांच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीचा विषय निघाला. मोट कधीच बंद झाली होती, पण मोटेचं पाणी जिथे पडायचं ते बांधाला लागून असलेलं दगडी थारोळं अजून शाबूत होतं. रविवारी मी बघायला गेले. थारोळ्याच्या दोन दगडांमध्ये मूठ जाईल एवढी फट होती. मी मावशींना सगळा खेळ समजावून सांगितला. त्या खूप हसल्या.

"आणि लोकं एवढ्यासाठी नाशकाहून येतील?"

"येतील की."

"येऊ द्या मग. पण बागेतून कुणी घुसायचं नाय. बांधावरून यायचं, बांधावरून जायचं. आणि घराशी येऊन हाक मारायची. आमचा कुत्रा लय खराब हाय."

मी मोबाइलवरच्या डब्याच्या पानावर हे जसंच्या तसं लिहिलं: बांधावरूनच या, आधी घरी विचारा. वाद तिथूनच सुरू झाला. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "या खेळाचा आत्माच गुप्तता आहे. बाहेरच्या लोकांच्या नजरेत न येता शोधायचं असतं. घरमालकाला हाक मारून शोधायचं, तर त्याला लपवणं कशाला म्हणायचं?" त्यांच्या हो ला हो मिळवणारे भराभर आले. मी उत्तर दिलं, "ज्यांची जमीन आहे, त्या बाहेरच्या नाहीत. बाहेरचे आपण आहोत." त्यावर एकाने फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कुणाला उद्देशून होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे बरेच जण आले, मावशींना हाक मारून गेले. मावशी त्यांना चहा पाजायच्या आणि मला फोन करून त्यांची वर्णनं सांगायच्या. संक्रांत होऊन गेली. माल काढणीला आला. आणि एका सोमवारी ऐन गर्दीच्या वेळी त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"ताई, तुमची माणसं काल बागेतून गेली. ठिबकची नळी ओढून टाकली, घडांना हात लावले. मी वरडले तर म्हणे, काकू, आम्ही फक्त बघतोय. तुम्ही या."

संध्याकाळ व्हायच्या आत मी पोचले. रस्त्याकडून विहिरीपर्यंत मधल्या दोन ओळींमधून पावलांची वाट पडली होती. घड तयार झाले की मण्यांवर पांढरट झाक असते. बोट लागलं की ती जाते आणि डाग उरतो. तसे कितीतरी घड दिसत होते. विहिरीच्या काठावर, अगदी डोळ्यांसमोर, एका दगडाखाली प्लास्टिकची नवी कोरी डबी ठेवलेली. मी थारोळ्याच्या फटीत हात घातला. माझा डबा जागच्या जागी होता. आतल्या कागदावर नवी सही एकही नव्हती.

मोबाइलवर मात्र सरांची नोंद झळकत होती. पुण्याच्या तीन पाहुण्यांना घेऊन ते आले होते. त्यांनी लिहिलं होतं: 'मूळ डबा गहाळ. डबा ठेवणाऱ्यांच्या सोयीसाठी नवीन ठेवला. सापडला.' चौघांच्याही नावावर 'सापडला'. स्वतःच डबी ठेवायची आणि स्वतःच ती सापडली म्हणायचं!

मी मावशींची माफी मागितली. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर आत्ता डबा काढून नेते."

"का?" त्या म्हणाल्या. "ज्यांनी चूक केली त्यांना काढा. डबा माझ्या बांधावर हाय. त्यानं काय केलंय?"

मी ती प्लास्टिकची डबी पर्समध्ये टाकली आणि तिथेच उभी राहून चारही नोंदी पुसून टाकल्या. खोटी नोंद पुसायचा अधिकार डबा ठेवणाऱ्याला असतो. कारणही लिहिलं: मूळ डबा जागेवर आहे, सही नाही, बागेतून येऊ नका असं सांगूनही आलात.

घरी पोचायच्या आत सरांचा फोन.

"मॅडम, तुम्ही माझी नोंद पुसलीत?"

"हो सर."

"पाहुण्यांसमोर माझी काय शोभा झाली, कल्पना आहे? अहो, खेळ आहे हा."

"खेळ आहे म्हणूनच नियमाने खेळायचा ना, सर. मळा मात्र खेळ नाही. तो त्यांचं पोट आहे."

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी मला ग्रुपकडून बोलावणं आलं, मिसळ खायला. गंगापूर रोडच्या पुढे झाडाखाली टेबलं मांडलेली, दहाएक माणसं बसलेली, बाईमाणूस मी एकटीच. रस्सा येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग एकाने घसा खाकरला. नोंदी परत टाकू द्याव्यात, सगळं मिटेल. ग्रुप लहान आहे, भांडणं झाली तर नवीन लोक येणार नाहीत. सर ज्येष्ठ आहेत. मी पाव मोडत ऐकून घेतलं.

"सर परत येऊ देत," मी म्हटलं. "बांधावरून येतील, मावशींना हाक मारतील, झालं त्याबद्दल दोन शब्द बोलतील, डबा काढून सही करतील. मी स्वतः त्यांच्या नोंदीखाली अभिनंदन लिहीन."

सर पहिल्यांदाच बोलले. "एका डब्यासाठी मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही."

"मग नोंदही राहणार नाही."

"तर आम्हाला तुमच्या डब्याची तक्रार करावी लागेल. बंद होईल तो."

मी उरलेला पाव ताटलीत ठेवला. "करा," मी म्हटलं. माझ्या मिसळीचे पैसे देऊन मी उठले आणि गाडी सुरू करेपर्यंत ग्रुपमधून मला काढलेलं होतं.

तक्रार खरंच गेली. नवे डबे तपासून मंजूर करणारे स्वयंसेवक असतात. त्यातल्या एकाने मला लिहून विचारलं, जागेच्या मालकाची परवानगी आहे का, पुरावा द्या. मी मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, "काढा फोन." पदर सावरून त्या थारोळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "जमीन माझी हाय. डबा मी ठिवू दिलाय. कोण काढतंय ते मी बघते." मी ते जसंच्या तसं पाठवून दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: डबा चालू राहील, पुसलेल्या नोंदी पुसलेल्याच राहतील.

त्यानंतर ग्रुपमधले लोक यायचे जवळजवळ थांबले. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. रविवारी सकाळी मोबाइल गप्प असायचा. एकदोघं गुपचूप येऊन सही करून गेले आणि मला वेगळा मेसेज करून म्हणाले, बरोबर केलंत, पण ग्रुपवर बोलता येत नाही. मी त्यांना लिहिलं, मग बरोबर केलंत असं मलाही सांगू नका. जरा कडक झालं, पण ते मी मागे घेतलं नाही.

पुण्याच्या पाहुण्यांपैकी एक मुलगी मात्र परत आली. एकटी, एसटीने. मावशींच्या दारात उभी राहून म्हणाली, मला माहीत नव्हतं, मी त्यांच्यामागून चालत गेले. मावशींनी तिला आधी चांगलं सुनावलं, मग जेवायला वाढलं. तिची सही आहे आमच्या कागदावर.

यंदा ग्रुपने शहरातल्या एका बागेत वार्षिक मेळावा ठेवला. असे मेळावे खेळाच्या नकाशावर जाहीर होतात आणि ते कुणालाही खुले असतात, हाही नियमच. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. कडुनिंबाच्या झाडाखाली सगळे गोल करून बसले होते.

सर म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला कुणी कळवलं?"

"नकाशाने," मी म्हटलं.

कुणी सरकलं नाही. शेजारच्या बाकापाशी एक रिकामी खुर्ची होती, ती मी ओढत आणली आणि गोलात मांडली. दोघांना आपल्या खुर्च्या हलवाव्या लागल्या. हजेरीची वही फिरत होती. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी पर्समधून पेन काढलं, ठळक अक्षरांत सही केली आणि वही सरांकडे पुढे केली.