पुढची सीट

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. पाहुण्यांना गाडीत घालून बेटाला वळसा घालून आणायचं. सकाळी बंदराजवळच्या हॉटेलातून उचलायचं, समुद्राकाठच्या रस्त्याने सगळं बेट फिरवायचं आणि दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा त्याच दारात सोडायचं. घाण्याचा बैल तरी बरा, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. मेहुणीचं तोंड कोण धरणार? ते नुसते हसायचे. म्हणायचे, "बैलाला एसी नसतो."

गाडी मालकाची होती. काळी, उंच, लांबलचक. मधल्या रांगेत दोन खुर्च्या अशा, की बटण दाबलं की पाठ मागे जायची, पोटऱ्यांखालून गादी वर यायची आणि माणूस बसल्या जागी आडवा व्हायचा. डोक्यावर काचेचं छत, हातापाशी थंड पाण्याचा कप्पा. दाजी रोज सकाळी तिला लेकराला न्हाऊमाखू घालावं तसे धुवायचे. माझी ताई त्या गाडीला सवत म्हणायची. "आलात का सवतीकडून?" असं दारातच विचारायची. "सवत कशी तुकतुकीत ठेवलीय! माझ्या पायाला तेल लावा म्हटलं तर घोरायला लागता." शेजारपाजार हसायचा, मीही हसायचे. ताईही हसायची, पण जरा लवकर थांबायची.

दाजींचे नियम होते आणि ते त्यांनी स्वतःच घालून घेतले होते. पाहुणा मागे, ड्रायव्हर पुढे. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी, आणि तीही पार पुढे सारलेली, म्हणजे तिच्यामागे बसणाऱ्याला पाय हवे तितके पसरता यावेत. समुद्र त्याच बाजूला, म्हणून ती मागची खुर्ची म्हणजे गाडीतली मानाची जागा. आरसा वर उचललेला. त्यात मागचा रस्ता दिसायचा, पाहुण्यांचे चेहरे नाहीत. "नवरा-बायको भांडतात, रडतात, लाडात येतात," दाजी म्हणायचे. "आपण कशाला डोळे घालायचे?" गाडी थांबली की पाहुण्यांनी उतरायचं, ड्रायव्हरने गाडीपाशी राहायचं. जेवण बॉनेटपाशी, उभ्याने. या असल्या वागण्यामुळे एकदा येऊन गेलेले पाहुणे पुन्हा आले की त्यांनाच मागायचे. मालकाला दुसऱ्या ड्रायव्हरपेक्षा हेच जास्त प्यारे होते.

ताई मात्र याच बेटावर जन्मली आणि बेटाची पलीकडची बाजू तिने बघितली नव्हती. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. पण आमची बस मिठागरापर्यंत जाते आणि तिथून मागे वळते. पुढे आमच्यासारख्यांचं काय काम? ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, दिवसभर उभी. मी हॉटेलांचे पडदे शिवते, दिवसभर बसून. ती म्हणायची, "आपल्या दोघींची मिळून एक धड बाई झाली असती."

मग तिचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. मग दम लागायला लागला. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय आणि थकलंय. ताई बाहेर येऊन मला म्हणाली, "मन मोठं आहे असं लोक नुसते तोंडदेखलं म्हणायचे. यांनी यंत्रात बघून सांगितलं." मी हसले, आणि दवाखान्याच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाय उंच ठेवा, आणि काही हौस राहिली असेल तर आता करून घ्या.

दाजींनी विचारलं, "काय करू तुझ्यासाठी?"

ताई म्हणाली, "सवतीत बसवा एकदा. तुमच्याबरोबर बेट फिरू द्या."

'तुमच्याबरोबर' हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. दाजींनीही ऐकला असणार. पण माणूस आपल्या धंद्याच्या कानाने ऐकतो. त्यांना 'बेट फिरू द्या' एवढंच ऐकू आलं, कारण तेच ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता.

मालकाने गाडी लगेच दिली. आदल्या दिवशी दाजींनी ती आतून-बाहेरून घासली, खुर्चीवर मऊ पांढरा टॉवेल अंथरला, पाण्याबरोबर ताईची औषधं थंड कप्प्यात ठेवली. सकाळी स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला, तोच, पाहुण्यांसाठीचा. ताई माझ्या आणि तिच्या लेकीच्या आधाराने पायऱ्या उतरली. नवी साडी, केसांत नीट भांग, आणि चेहरा असा की शाळेच्या सहलीला निघालीय. ती सरळ पुढच्या दाराकडे गेली. हात दाराच्या कडीवर ठेवला.

"अगं, तिथं नाही," दाजी धावत आले. "इकडे. ही बघ तुझी जागा." आणि त्यांनी मागचं दार उघडलं, अगदी वाकून, हात लांब करून. मोठमोठ्या साहेबांसाठी उघडायचे तसं.

ताईने कडीवरचा हात काढला. बसली. दाजींनी बटण दाबलं, तिचे सुजलेले पाय अलगद वर आले. पुढची सीट पार पुढे आहे ना, तेही पुन्हा बघितलं. "आता कसं?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्या आनंदावर कोण पाणी ओतणार! ताई म्हणाली, "राणीसारखं." मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. भाची, म्हणजे त्यांची लेक, पुढे बसायला गेली तर म्हणाले, "नको, सीट मागे घ्यावी लागेल. आईचे पाय दुमडतील." ती बिचारी शेवटच्या बाकावर गेली.

निघालो. मिठागर गेलं, बस वळते ती जागा गेली, आणि पुढे सगळं नवीन. काय रस्ता होता! एका अंगाला डोंगर, नारळी, लाल माती, दुसऱ्या अंगाला थेट खाली निळा समुद्र. ताई काचेला नाक लावून बघत होती. आणि दाजी सुरू झाले. "आता आपल्याला डाव्या हाताला जुनं दीपगृह दिसेल. पुढच्या वळणावर आपण फोटोसाठी थांबणार आहोत."

"अहो," ताई म्हणाली, "मी बायको आहे तुमची."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. दाजीही हसले, मानेवरून कळलं. पण पुढच्या वळणावर पुन्हा 'आपल्याला'. जिभेला वळण पडलेलं असतं, ते एका दिवसात सुटत नाही.

कड्यावर थांबलो. दाजींनी दार उघडलं, हात देऊन तिला उतरवलं, कठड्यापर्यंत आणलं, आणि गाडीपाशी परत गेले. ताई म्हणाली, "या ना इकडे." ते म्हणाले, "तुम्ही बघा निवांत, मी आहे इथं." भाचीने फोटो काढले. त्या सगळ्या फोटोंत समुद्र आहे, ताई आहे, मी आहे. दाजी एकात आहेत, मागे गाडीजवळ, बोटाएवढे.

गाडीत बसताना ताई म्हणाली, "मी जरा पुढे बसू का?"

"पुढे ऊन येतं गं. आणि पाय लोंबकळतील. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

खरंच होतं ते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर मला आजही कुणावर धड रागावता येत नाही.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. दाजी आपला डबा घेऊन बॉनेटपाशी. मग मात्र माझी सटकली. मी ओरडले, "दाजी, इथं काय साप आहेत का? बसा की बायकोजवळ!" ते ओशाळून आले, टेकल्यासारखे बसले, दोन घास खाल्ले, आणि एक माकड गाडीच्या टपावर चढलं म्हणून पळाले. ताई त्यांच्या अर्ध्या डब्याकडे बघत राहिली. मग तिने तो झाकण लावून आपल्या मांडीवर ठेवला.

पलीकडच्या बाजूला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तिथं रस्ता पाण्याच्या अगदी कडेने जातो आणि पाणी हिरवं होतं. मी आणि भाची वेड्यासारख्या काचेतून बघत होतो. सहज ताईकडे वळले, तर ती समुद्राकडे बघतच नव्हती. पुढे बघत होती. पुढे होतं काय? दाजींची मान, अर्धा कान, सीटची पाठ. आणि वर आरसा, त्यात मागचा रस्ता. ती पुन्हा म्हणाली, "अहो, येऊ का पुढे? थोडाच वेळ."

दाजी म्हणाले, "रस्ता नीट दिसत नाही का? थांब," आणि त्यांनी गाडी इतकी हळू केली की तिला सगळं नीट दिसावं.

त्या संध्याकाळी मी तिला अंथरुणावर नीट निजवलं. विचारलं, "झालं का मनासारखं?" ती म्हणाली, "बेट सगळं बघितलं गं. हे मात्र राहिलेच." आणि लगेच माझं मनगट धरून म्हणाली, "त्यांना बोलशील तर बघ. फार हौसेनं नेलंय त्यांनी."

पुढचा महिना तिने काढला नाही. एका सकाळी मी चहा घेऊन गेले आणि ती गेली होती. मी त्या खोलीत ऊर फुटेस्तोवर रडले, आणि त्यानंतर आजतागायत माझ्या शिलाई यंत्राच्या आवाजात मला ती मधूनच हाक मारते असं वाटतं. दाजी रडले नाहीत. जो भेटायला येईल त्याला सांगायचे, "एक बरं झालं. तिला बेट दाखवलं. मानाच्या जागेवर बसवून दाखवलं. मंत्रीसुद्धा बसलाय त्या खुर्चीत." हे एकच वाक्य धरून ते उभे होते. मी ऐकायचे आणि जीभ दातांखाली धरायचे. माझ्यासारख्या फटकळ बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

मग त्यांचे डोळे अधू झाले. मालकाने सन्मानाने सांगितलं, आता पुरे, नव्या माणसाला तयार करा. नवा ड्रायव्हर आधी बंदरावर ट्रक चालवायचा, तोंडात शिवी तयार. दाजींनी त्याला माणसात आणलं. दार कसं उघडायचं, कसं बोलायचं, सीट कुठे, आरसा कुठे, सगळं घोटून घेतलं. शेवटच्या दिवशी ऑफिसात छोटासा निरोप झाला, मीही गेले होते. मालक म्हणाला, "आज दाजींना त्यांच्याच गाडीतून घरी सोडा."

नव्या ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, वाकून, हात लांब करून. "दाजी, आज तुम्ही साहेब."

दाजी संकोचले. इतकी वर्षं ती गाडी चालवली, पण त्या खुर्चीत ते कधीच बसले नव्हते. पुसली होती, झटकली होती, बसले नव्हते. मी शेजारी बसले. ड्रायव्हरने बटण दाबलं, दाजींचे पाय वर आले. गाडी निघाली.

थोडा वेळ ते बाहेर बघत होते. मग पुढे बघायला लागले. एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे. मान उंच केली.

"इथून ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"कसं दिसेल दाजी?" तो हसून म्हणाला. "आरसा वर ठेवायला तुम्हीच शिकवलंय."

दाजींनी पुन्हा आरशाकडे बघितलं. मला कळलं की आता येणार, आणि आलंच.

"ती दोनदा म्हणाली होती ना गं, पुढे येऊ का म्हणून?"

मी पदर सावरला.

"मला वाटलं, रस्ता दिसत नाही तिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्या दिवशी ती काय बघत होती?"

आयुष्यात मी कुणाची भीड ठेवली नाही. त्या दिवशी ठेवली. म्हटलं, "समुद्र, दाजी. समुद्रच बघत होती."

"समुद्र," ते म्हणाले. मग ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "थांब जरा."

ते उतरले. पुढचं दार उघडलं. सीटच्या बाजूचं बटण चाचपलं आणि दाबून धरलं. सीट घूं घूं करत मागे यायला लागली, सावकाश, आणि ते वाकून तिच्याकडे बघत उभे राहिले. पार मागे येऊन ती थांबली, तरी त्यांचं बोट बटणावरच होतं. मग हात लांब करून त्यांनी आरसा खाली वळवला, ड्रायव्हरला शेजारी बसलेल्याचा चेहरा दिसेल असा. दार लावलं, पण लोटलं नाही, आत कुणी असल्यासारखं हळूच लावलं.

मला वाटलं, आता तिथं बसतील. नाही बसले. मागे आले, माझ्याशेजारी. आता त्यांना पाय पसरायला जागाच नव्हती, गुडघे पुढच्या सीटला टेकले होते. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते पुसत नव्हते. ड्रायव्हर बावरून माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "दाजी, अवघडलात. सीट थोडी पुढे घ्यायला सांगू का?"

"राहू दे," ते म्हणाले. "ती बसलीय."