चिल्ल्याचा अठ्ठाविसावा दिवस

सनोबरला बघायला मुकर्रम-ओयी आल्या, तेव्हा त्यांनी मुलीचा चेहरा नंतर पाहिला. आधी तिने शिवलेली टोपी मागून घेतली. काळ्या साटिनवरची पांढरी नक्षी नखाने खरवडून पाहिली, कड दाबून पाहिली आणि एवढंच विचारलं, "एका टोपीला किती दिवस लागतात हिला?"

"चार," सनोबरच्या आईने सांगितलं. लग्न ठरलं.

याला दोन वर्षं झाली. आता सनोबर बावीस वर्षांची आहे. चुस्त शहरापासून सात किलोमीटरवरच्या गावात ती सून म्हणून नांदते. नवरा एल्योर दूर परदेशात, त्युमेनला इमारतींच्या कामावर असतो, सासरे वारलेले. घरात ती आणि सासू, दोघीच. सासूला ती ओयी म्हणते, म्हणजे आई. जानेवारीच्या शेवटी तिला मुलगा झाला, असद, आणि चिल्ला सुरू झाला.

चिल्ला चाळीस दिवसांचा. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. बाळाला बाहेर न्यायचं नाही आणि एकटंही ठेवायचं नाही. सूर्य मावळल्यावर बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही. पहिले दोन आठवडे सनोबरला ते आवडलंसुद्धा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पहाटे उठून अंगण झाडायचं नव्हतं. मटणाचं सूप हातात येत होतं. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसत होती.

नवव्या दिवशी असदला पाळण्यात घातलं. हा पाळणा टांगलेला नसतो, जमिनीवरच डुलतो. बाळाचे हात-पाय रुंद पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाकडी दांडी असते. पाजायला बाळाला सोडत नाहीत. आईने बाजूला बसायचं, दांडीवर भार टाकून ओणवं व्हायचं आणि तसंच पाजायचं. मुकर्रम-ओयींच्या घरचा पाळणा त्यांच्या सासूच्या सासूचा. तो भिंतीला लावून ठेवला होता, बाळाचं डोकं दारापासून लांब. दुसरीकडून बसायला जागा नव्हती आणि पाळणा फिरवला असता तर डोकं दाराकडे आलं असतं. ते चालण्यासारखं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सनोबरच्या डाव्या छातीत गाठ लागली. बोरासारखी होती, दोन दिवसांत अक्रोडासारखी झाली.

"दूध दाटलंय," ओयी म्हणाल्या. "पहिलटकरणीला होतंच. मला दोनदा झालं होतं."

त्यांनी कांदा भाजून बांधला. मग मध आणि पीठ मळून त्याची थापी लावली. मग कोबीचं पान. सव्विसाव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, शेजारची म्हातारी लाकडी कंगवा घेऊन आली आणि गाठ वरून खाली विंचरू लागली. सनोबरने उशीचा कोपरा दातांत धरला.

"ओरडू नको ग, दूध घाबरतं," म्हातारी म्हणाली.

"दूध घाबरतं, आणि मी?"

"तुला कोण विचारतंय!" म्हातारी हसली. ओयीही हसल्या. विंचरणं चालूच राहिलं.

त्या संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. दात आपटत होते. तिने एल्योरला फोन लावला.

"अहो, मला दवाखान्यात जायचंय. ओयींना सांगा ना जरा."

पलीकडे काँक्रीट ढवळायचं यंत्र घरघरत होतं. "ओयी काय म्हणते?"

"ओयी म्हणतात, दाटलंय."

"मग दाटलंच असेल. तिने पाच वाढवलीत. मी इथून काय बघणार? किती दिवस राहिलेत?"

"चौदा."

"चौदाच ना," एल्योर म्हणाला.

तिच्या मनात यायचं, दार काही बंद नाही. नुसतं लोटलेलं असतं. कोट घालून रस्त्यावर उभं राहिलं तर शहराकडे जाणारी गाडी मिळेल. पण बाळाला घेऊन गेली आणि पुढे त्याला साधा जुलाब झाला, तरी आयुष्यभर हेच निघणार: चिल्ल्यात बाहेर काढलं होतं. आणि बाळाला ठेवून गेली तर, टाकून गेली. दोन्ही वाक्यं ओयींच्या आवाजात तिला स्पष्ट ऐकू येत. ती पडून राही आणि छाती ठणकत राही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सरकारी नर्स आली. होसियत-ओपा, म्हणजे होसियतताई. बाळाचं वजन करायला ती घरोघर फिरते. पन्नाशीची, जाड, बुटांवर नेहमी चिखल. तिने असदला काट्यावर ठेवलं, वही पाहिली आणि पुन्हा ठेवलं.

"आठवड्यात काहीच वाढलं नाही. केलिन, पाजतेस ना?"

केलिन म्हणजे सून. गावात लग्न झालेल्या मुलीला तेच नाव राहतं.

"उजवीकडून," सनोबर म्हणाली.

"आणि डावीकडे काय झालं?"

सनोबरने ओयींकडे पाहिलं. ओयींनी खिडकीकडे पाहिलं. मग तिने झगा बाजूला केला. कोबीच्या पानाखाली कातडी जांभळी, ताणलेली, चकचकीत होती. होसियत-ओपाने दोन बोटं ठेवली, एक दाबलं. दुसऱ्या बोटाखाली काहीतरी हललं. पिशवीतल्या पाण्यासारखं.

"पू झालाय. आजच चीर द्यायला हवी."

"चिल्ला संपू दे," ओयी म्हणाल्या. "बारा दिवस तर राहिलेत. छातीला सुरी लावली की दूध जातं."

"मुकर्रम-ओपा, दूध आत्ताच चाललंय. बारा दिवसांत हे आपोआप फुटेल. नाहीतर ताप डोक्यात जाईल. मग चाळिसावा दिवस कुणाचा मोजणार?"

"डॉक्टरला इथं आण."

"आणते. टेबल आणते, दिवा आणते, भूल आणते. तुमच्या चुलीवर चिमटे उकळते. तंदूर तापलाय का?"

ओयींनी अटी घातल्या, लिहून दिल्यासारख्या एकामागून एक. सनोबर जाईल. एल्योरचा जाड चोगा डोक्यावरून घेऊन जाईल. वाटेत कुणाशी बोलणार नाही. सूर्य मावळायच्या आत परत येईल. बाळ इथंच राहील.

"आणि पाजणार कोण?" सनोबरने विचारलं.

"आत्ता पाजून जा. तुला यायची घाई राहील."

होसियत-ओपाबरोबर ती दामासमध्ये, छोट्या व्हॅनमध्ये बसली. चोग्याच्या आत अंधार होता, नवऱ्याच्या घामाचा आणि कापराचा वास होता. अठ्ठावीस दिवसांनी ती बाहेर पडली होती आणि तिला काहीच दिसलं नाही.

तालुक्याच्या इस्पितळात शस्त्रक्रियेची डॉक्टर एक बाईच होती, रायहोना तोलिबोवना. तिने छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून पडद्यावर काळा डाग पाहिला. "पूर्ण भूल देता आली असती, पण भूलवाला दुसरीकडे अडकलाय. इंजेक्शनने बधिर करते. हात पाय हलवायचे नाहीत. किती वाजता परत जायचंय?"

"सूर्य मावळायच्या आत."

"तू जामिनावर सुटली आहेस की काय?" डॉक्टर म्हणाली आणि हातमोजे चढवले.

सुई चार ठिकाणी टोचली. चिरेचं दुखलं नाही, फक्त दाब कळला. मग काहीतरी गरम काखेच्या बाजूने ओघळलं आणि वास सुटला. होसियत-ओपाने तोंड फिरवलं. दुधात मिसळलेला पिवळट पू कपात धरला होता, अर्धा चहाचा पेला भरेल एवढा. मग डॉक्टरने बोट आत घातलं. आतले कप्पे मोडायचे होते. तिथपर्यंत बधिरपणा पोचला नव्हता. सनोबरने टेबलाची कड धरली आणि हलली नाही.

"शहाणी आहेस. काम काय करतेस?"

"टोप्या शिवते."

डॉक्टरने मिठाच्या पाण्याने जखम धुतली आणि कापडाची लांब पट्टी चिमट्याने थोडी थोडी आत सारायला घेतली. सनोबर मान वळवून बघत राहिली. टोपी ताठ राहावी म्हणून टाक्यांच्या दोन ओळींमधल्या नळीत कागदाची वात अशीच सरकवतात. घट्ट भरली तर कापड फाटतं.

"सैल भरताय," ती म्हणाली.

"वाहायला हवं ना. कोंडलं की पुन्हा गळू." डॉक्टरने वर पाहिलं. "बाळाला कसं पाजतेस? करून दाखव."

सनोबर उठून बसली, एक हात शेजारच्या खाटेच्या कठड्यावर ठेवून ओणवली. उजवी बाजू पुढे गेली. कठडा डाव्या छातीत रुतला, बरोबर पट्टीच्या खाली. तिला ते आत्ताच कळलं. डॉक्टरला आधीच कळलं होतं.

"डावीकडून पाजतच नाहीस?"

"पोचत नाही. पलीकडे भिंत आहे."

"म्हणजे भरते, रिकामी होत नाही, वर दांडीचा दाब. दिवसातून आठ-दहा वेळा. आता नीट ऐक. बाळ पाळण्यातून बाहेर काढायचं, मांडीवर घेऊन पाजायचं. उजवीकडून आजपासूनच. डावीकडून रोज हाताने पिळून काढायचं, पट्टीवरून नाही, कडेने. दूध थांबवायचं नाही. रोज पट्टी बदलायची. पुन्हा तशीच पाजलीस तर पुन्हा इथंच भेटू, आणि तेव्हा चीर मोठी असेल."

"रात्रभर राहा," ती पुढे म्हणाली, पण त्यात जोर नव्हता. सनोबरने चोगा डोक्यावर ओढून घेतला होता.

त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा चिनारांच्या वर अजून ऊन होतं. असदचा आवाज रडून रडून घोगरा झाला होता. पट्ट्या घट्ट होत्या, तोंड तेवढं लाल. ओयींनी सुनेचा चोगा उतरवला, अंगणातच झटकला, आणि मग तिला आत घेतलं.

होसियत-ओपाने उंबऱ्यावरूनच सगळं सांगितलं. पट्टी ती रोज येऊन बदलेल. मांडीवर पाजायचं.

"या घरातलं पोर मांडीला सोकावलेलं नाही," ओयी म्हणाल्या. "मांडीवर घेतलं की उतरत नाही. मग टोप्या कोण शिवणार, तुझी डॉक्टर?"

"डॉक्टर छाती बघते, ओपा. केलिन वाचली तर टोप्या होतील." नर्सने आभाळाकडे पाहिलं आणि निघून गेली.

सनोबर पाळण्याजवळ बसली. बसतानाच तिला कळलं की ओणवं होता येणार नाही. बधिरपणा उतरत होता. तिने उजव्या हाताने पाळण्याच्या पहिल्या पट्टीची गाठ सोडली. मग दुसरी. ओयी बघत होत्या. असदचे हात सुटले आणि हवेत फेकले गेले. ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. एका हाताने त्याला उचलता येईना. ती तशीच थांबली, अर्धं बाळ सुटलेलं, अर्धं बांधलेलं.

"मला उचलता येत नाहीये, ओयी."

"सोडायच्या आधी विचार करायचा असतो."

पण त्या आल्या. त्यांनी असदला उचललं आणि सुनेच्या मांडीवर उजव्या बाजूला ठेवलं, उशी टेकवली, मान हाताने धरून दिली. तो लागला. घोट ऐकू येऊ लागले. डाव्या बाजूची पट्टी ओली झाली, ती दुधानं की आणखी कशानं, हे सकाळपर्यंत कळणार नव्हतं.

"जखम भरेपर्यंत," ओयी म्हणाल्या. "त्यानंतर पाळण्यातच. भिंतीपासून ओढून देईन, दोन्हीकडून बस."

"दांडी?"

"दांडी काढली तर तो पाळणा राहील का?"

सनोबरने वाद घातला नाही. जखम भरायला किती दिवस लागतात हे तिने डॉक्टरला विचारलं नव्हतं. ओयी उठून बाहेर गेल्या, दार लोटून घेतलं आणि बाहेरून पायपुसणं दाराशी सारून फट बुजवली, कारण सूर्य मावळला होता. असद पीत होता. बारा दिवस बाकी होते.