मोतीबिंदू पिकायची वाट

माझी शाळा सहावीत सुटली. यवतमाळकडून लग्न होऊन नाशकात आले, तेव्हा नवरा एकलहऱ्याला ठेकेदाराकडे कामाला होता आणि आम्ही भाजीवाल्या मावशींच्या मळ्यातल्या खोलीत भाड्याने राहत होतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरचं कोणी येऊ शकलं नाही. मावशींनीच मला न्हाऊ घातलं, शेक दिला. तेव्हापासून त्यांना साधी ठेच लागली तरी मी हळद घेऊन धावायचे. मग डोळ्याचं काय सांगू!

मावशींच्या उजव्या डोळ्यापुढे आधी धूर धूर, मग बुबुळात पांढुरकं दिसायला लागलं. मोतीबिंदू आहे हे सगळ्यांना कळत होतं. त्यावर काय करायचं हेही सगळ्यांना कळत होतं, हेच मोठं संकट.

सगळ्यात जास्त कळायचं ते मावशींच्या थोरल्या दिरांना. त्यांचं ऑपरेशन फार जुन्या काळी झालेलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलेलं, आणि तेव्हापासून नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. एवढ्या भांडवलावर ते अख्ख्या मळ्याचे डोळ्यांचे डॉक्टर झाले होते.

"पिकू द्या त्याला. कच्चा काढला का डोळा गेलाच समजा."

मला चैन पडेना. मुलाला डोस पाजायला सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, वाट बघायची ती जुन्या ऑपरेशनला. आता खराब भिंग काढून तिथेच नवं बसवतात, बारीक छेदातून मशीनने किंवा जरा मोठ्या छेदातून हाताने. कामात अडचण यायला लागली की करून घ्यावं. फार कडक होऊ दिलं तर काढणं अवघड. आणि थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

घरी येऊन सांगितलं, तर दीर मांडीवर थाप मारून हसले. "सहावी शिकलेली पोरगी डॉक्टर झाली! आन् ते भिंग निसटून पडलं तर मेथीत शोधायचं का?"

मावशीसुद्धा हसल्या. त्यांचा मुलगा मनमाडला रेल्वेत. सुट्टीला आला तरी चुलत्यापुढे ब्र काढत नसे.

शेजारीण दिरांहून शहाणी. तिने घोटीच्या बाजारातून मोतीबिंदू विरघळवायची बाटली आणली. मावशी थेंब घालून विव्हळत बसायच्या आणि ही खूश. "झोंबतंय ना? मंग लागू पडतंय!"

मला राग यायचा तो याचा की, गवार एक दिवस जून झाली तर ही माणसं ती बाजारात नेत नसत, गाईपुढे टाकत. भेंडी बोटाने मोडून बघत. कोवळं कधी तोडायचं हे ज्यांच्या हाडात मुरलेलं, त्यांनी डोळा मात्र जून होऊ दिला.

एका दुपारी मावशी बांधावरच डोकं धरून बसल्या. डोळा लालभडक, उलट्या. दीर म्हणाले, "पित्त हाय. लिंबू द्या." लिंबू राहिलं तिथेच. मी रिक्षा बोलावली आणि मावशींना घेऊन दवाखाना गाठला. भिंग आत फुगलं होतं, डोळ्यातला दाब वाढला होता. आधी दाब उतरवला, मग ऑपरेशन. पण तोवर आतली नस दबून गेली होती. त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस हलला तर सावली कळते. बस.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढतच होता. दीर पुन्हा ओट्यावर येऊन टेकले. "हा तरी नीट पिकू द्या. मागच्या वेळेस घाई झाली."

घाई! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आता टमाटे पिकवा. माझ्या डोळ्याचं मी बघते."

डावा डोळा वेळेत झाला. पट्टी काढल्यावर मावशींनी माझी हनुवटी धरून मला उजेडात नेलं. "एवढी सुकलीस कधी गं? जेवत नाय का?" मला रडू आवरेना.

आणि दीर? संध्याकाळी चार माणसं भेटायला आली, त्यांना ते सांगत होते, "मीच म्हटलं, करून टाका ऑपरेशन. आता लय सोपं झालंय."

मावशींनी आपला पाट जरा फिरवला आणि दिरांना उजव्या, सावलीपुरत्या डोळ्याच्या बाजूला घेतलं.