पाण्याचा हातभार

बाळाराम पाटलांच्या टेम्पोला कोणी ‘पाण्यावर चालणारा’ म्हटलं, की ते बोलणाऱ्याला मध्येच थांबवत. मलाही थांबवलं. भिवंडीजवळ वडप्याला त्यांची बातमी करायला गेलो होतो आणि पहिल्याच प्रश्नात तो शब्द वापरला होता.

“पान्यावर न्हाय,” ते म्हणाले. “डिझेलवरच चालतो. पानी निसता हातभार लावतो. तसा लिवा, न्हायतर लिवू नका.”

टेम्पोला बसवलेल्या किटमध्ये गूढ काही नव्हतं. सीटखाली पाण्याचा डबा, त्यात स्टीलच्या पट्ट्या, पट्ट्यांना बॅटरीचा करंट. करंटने पाण्यातून हायड्रोजन सुटतो, नळीने इंजिनाच्या हवेत मिसळतो आणि डिझेलबरोबर जळतो. त्यामुळे डिझेल कमी लागतं, हा विकणाऱ्याचा दावा. विकणारा त्यांचा मेहुणा, जगन. भिवंडीत त्याने या किटचं दुकान टाकलं होतं. सुगंधाताईंचा, म्हणजे बाळारामांच्या बायकोचा, तो एकुलता एक भाऊ.

बाळाराम गोदामांचा माल वाहत. बाकीचे ड्रायव्हर त्यांना विचारून टायर घेत, गाडी विकत, मुलीच्या स्थळाचीही चौकशी त्यांच्याकडे करत. किट घ्यायचं का, हेही सगळ्यांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी काही आठवडे गाडी चालवून पाहिली. टाकी पूर्वीपेक्षा उशिरा रिकामी होत होती. “वाचतो डिझेल,” एवढंच ते म्हणाले, आणि जगनच्या दुकानात ऑर्डरी येऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी जगनला विचारली नव्हती. डब्यात शुद्ध केलेलं पाणी घालायचं असतं. बाळाराम वज्रेश्वरीच्या देवळाजवळचं, अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी कॅनमधून आणून घालत. नवी वस्तू देवीला दाखवल्याशिवाय ते वापरत नसत; हे तर पाण्याचंच यंत्र, मग पाणीही देवीच्या दारचं. ते डब्यात पडल्यापासून त्यांचं गाडी चालवणं बदललं. गोदामाच्या फाटकात हॉर्न मारत घुसणारा हा माणूस खड्डा दिसायच्या आधी वेग उतरवू लागला. “काका, वरात चाललीय काय?” म्हणून पोरं चिडवत. “देवीचा पानी हाय. हिसका द्याचा न्हाय,” ते सांगत आणि त्यांना पुढे जाऊ देत.

पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने डबा उघडला. कुंडाच्या क्षारांनी पट्ट्यांवर जाड थर धरला होता. “चाचा, ये तो कब का बंद पडा है,” तो म्हणाला. “गॅस बनतीच नहीं.”

डिझेल तर कालपर्यंत वाचत होतं. बाळारामांनी किट काढायला लावलं आणि टेम्पो तसाच सावकाश चालवत राहिले. टाकी तेवढीच पुरली.

सुगंधाताईंनी त्यांना गप्प राहायची गळ घातली. जगनचं सगळं त्या दुकानात होतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या टपरीवर जगन गिऱ्हाइकांना चहा पाजत होता, तिथे जाऊन बाळारामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “डिझेल वाचला तो माज्या पायानं, गाडी हलू चालवली म्हनून. किट कवाच मेलेला. चांगला किट वाचवतो का, मना ठाव न्हाय. माज्या शब्दावर घेऊ नका.”

दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. जगनने बाळारामांशी बोलणं सोडलं. भाऊबीजेलाही तो आला नाही.

बाळाराम गेल्या वर्षी वारले. त्या भाऊबीजेचं मला सुगंधाताईंनी नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाट पाहून बाळारामांनीच त्यांना ओवाळणीच्या ताटासह टेम्पोत बसवलं आणि जगनच्या दारात नेलं. स्वतः उतरले नाहीत. राग माझ्यावर आहे, मी आत आलो तर तुझं ओवाळणं राहील, म्हणाले.

ओवाळून झाल्यावर जगन बाहेर आला आणि टेम्पोत त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघंही समोर काचेकडे बघत होते. सुगंधाताई ताट घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. जगन म्हणाला, “भावजी, आधी मला एकट्याला सांगायला पाहिजे होतं.”

“हां,” बाळाराम म्हणाले. “तेवढा चुकला माजा.”

जगन उतरला, टेम्पोला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आला, आणि ते उतरेपर्यंत दार उघडं धरून उभा राहिला.